झाकण लावलं की मॉड्यूल ऑसिलेट होतं: पिनांच्या झाकणाने सुटेल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. २८ गिगाहर्ट्झचं दोन चॅनेलचं ट्रान्समिट मॉड्यूल. प्रत्येक चॅनेलमध्ये ड्रायव्हर आणि पॉवर ॲम्प्लिफायर या दोन एमएमआयसी (एकाच चिपवरची मायक्रोवेव्ह सर्किटं) मिळून साधारण ४० डेसिबल गेन. ॲल्युमिनियमचा बॉक्स आतून ४० बाय २४ मिमी, फ्लोअरपासून झाकणापर्यंत ४ मिमी. झाकण बाजूला ठेवलं तर सगळं सिम्युलेशनबरहुकूम, स्क्रू आवळले की ३१ गिगाहर्ट्झच्या आसपास ऑसिलेशन, म्हणजे मॉड्यूल आपणहूनच सिग्नल काढू लागतं. झाकणाला आतून एक मिमीचा ॲब्सॉर्बर (मायक्रोवेव्ह शोषणारा शीट) चिकटवला तर ऑसिलेशन थांबतं, पण आउटपुट पॉवर दीड डेसिबलने पडते. कुणीतरी सांगितलं की गॅप वेव्हगाइडच्या तत्त्वावरचं पिनांचं झाकण करून पाहा. ते चालेल का आणि मापं काय धरायची, एवढं तुम्हाला हवं आहे.

चालेल, आणि तुमच्या लक्षणांवरून चांगलं चालेल असं वाटतं. पण मापांकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आउटपुटची ऊर्जा इनपुटकडे परत जायला मॉड्यूलमध्ये तीन वाटा असतात: झाकण आणि सब्स्ट्रेटच्या (सर्किट असलेल्या पाटीच्या) मधली हवा, बायसच्या (चिपना डीसी पुरवणाऱ्या) तारा, आणि ग्राउंड. पिनांचं झाकण फक्त पहिली वाट बंद करतं. उरलेल्या दोन वाटांवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. म्हणून खरा प्रश्न ‘पिना किती उंच’ हा नसून ‘गळती नक्की हवेतूनच होते आहे का’ हा आहे.

तुमच्या बॉक्सचं गणित हातानेच करता येतं. रिकाम्या धातूच्या बॉक्समध्ये, उभ्या दिशेने बदल नसलेल्या मोडची (बॉक्सच्या भिंतींमध्ये घुमणाऱ्या तरंगाच्या नमुन्याची) फ्रीक्वेन्सी अशी काढतात: लांबीतल्या अर्ध-तरंगांची संख्या भागिले लांबी, त्याचा वर्ग, रुंदीसाठीही तसंच, दोन्हींच्या बेरजेचं वर्गमूळ गुणिले १५०. मापं मिलिमीटरमध्ये घातली की उत्तर गिगाहर्ट्झमध्ये येतं. तुमच्या ४० बाय २४ मध्ये पहिलाच मोड ७.३ गिगाहर्ट्झला येतो, आणि ३० गिगाहर्ट्झपर्यंत असे २४ मोड बसतात. लांबीत आठ आणि रुंदीत एक हा मोड ३०.६ ला पडतो, पाच आणि चार हा ३१.२५ ला. सब्स्ट्रेटमुळे हे आकडे थोडे खाली सरकतात, पण तुमचं ३१ कुठून आलं याचा अंदाज यायला एवढं पुरेसं आहे. आउटपुटच्या टोकाची मायक्रोस्ट्रिप (सब्स्ट्रेटवरची सिग्नल नेणारी पट्टी), तिचा बेंड, वायर बाँड, सगळेच थोडी ऊर्जा वर सोडतात. झाकण उघडं असताना ती निघून जाते. झाकण लागलं की या मोडपैकी कुठलातरी एक ती उचलतो आणि थेट इनपुटच्या डोक्यावर नेऊन ठेवतो.

या सूत्रात उंची कुठेच नाही, हे लक्षात घ्या. झाकण आणखी दोन मिमी वर उचलू या, मग सुटेल, हा सल्ला बहुतेक ठिकाणी ऐकायला मिळतो. उंची वाढवल्यावर लाइनचं मोडशी कपलिंग थोडं कमी होतं, पण मोड तिथेच राहतात. शिवाय उंची अर्ध्या तरंगलांबीच्या, म्हणजे ३० गिगाहर्ट्झला ५ मिमीच्या वर गेली की उभ्या दिशेचे नवे मोडही येऊन बसतात.

दुसरा पारंपरिक उपाय म्हणजे प्रत्येक चॅनेलला ५ मिमीपेक्षा अरुंद गल्लीत बसवणं, म्हणजे गल्ली कटऑफच्या (ज्याच्या खालच्या फ्रीक्वेन्सीचा तरंग पुढे सरकत नाही) खाली राहते. उपाय खणखणीत आहे, मीही तो वापरतो. अडचण दोन ठिकाणी येते. बायसच्या कपॅसिटरना एवढ्या अरुंद जागेत दाटी होते, आणि मधल्या भिंतीचा माथा झाकणाला सगळीकडे घट्ट टेकावा लागतो. स्क्रू कडेला आणि भिंत मधोमध असेल तर झाकण केसभर फुगतं, आणि त्या फटीतून २८ गिगाहर्ट्झ आरामात पलीकडे जातं.

आता निदान. मी ज्या क्रमाने करतो तोच सांगतो. आधी इनपुटला ५० ओहमचं टर्मिनेशन लावा आणि आउटपुट ॲटेन्युएटरमधून स्पेक्ट्रम ॲनालायझरला द्या. मग ॲब्सॉर्बरचा अख्खा शीट न लावता पाच-पाच मिमीचा एकच तुकडा झाकणाच्या आतून वेगवेगळ्या जागी चिकटवून बघा. काही जागी ऑसिलेशन पूर्ण बंद होत असेल आणि शेजारच्या जागी काहीच फरक पडत नसेल, तर तो बॉक्सचा मोड आहे: जिथे क्षेत्र तीव्र, तिथे तुकडा काम करतो. तुकडा कुठेही लावला तरी फरक नसेल आणि बायसच्या तारेला हात लावल्यावर स्पेक्ट्रम हलत असेल, तर झाकणाला दोष देऊ नका. कॅरियर दिल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर स्पर (नको असलेले सिग्नल) दिसत असतील तर ते कमी फ्रीक्वेन्सीचं बायस-ऑसिलेशन असतं. त्याचा इलाज डीकपलिंगमध्ये (बायसच्या तारेवरच्या कपॅसिटरमध्ये) आहे: ड्रायव्हर आणि पॉवर ॲम्प्लिफायर एकाच ड्रेन रेलवर असतील तर तिथून सुरुवात करा.

यानंतर एमएमआयसीऐवजी त्याच जागी ५० ओहमच्या टर्मिनेशनच्या चिप बाँड केलेला एक डमी बॉक्स तयार करा. नेटवर्क ॲनालायझरवर इनपुट ते आउटपुट गळती झाकणासह आणि झाकणाशिवाय मोजा. हे काम कंटाळवाणं आहे, पण हा एक आलेख पुढचे सगळे वाद मिटवतो.

गळती किती खाली हवी? ऑसिलेट होऊ नये एवढंच पाहणाऱ्याला ४० डेसिबल गेनसाठी ५० डेसिबल आयसोलेशन पुरेसं वाटतं. पण आयसोलेशन ६० असलं तरी लूप (गेन वजा आयसोलेशन) उणे २० डेसिबलचा उरतो, आणि तेवढा लूप गेनमध्ये उणे-अधिक ०.९ डेसिबलचा रिपल आणतो. रिपल ०.१ च्या आत हवा असेल तर ८० डेसिबल लागतं. म्हणून ॲब्सॉर्बर लावून ऑसिलेशन थांबलं म्हणजे विषय संपला असं धरू नका; बँडभर गेन सपाट आहे का ते बघा.

आता पिना काम कशा करतात ते सांगतो, कारण हे उमजलं की मापं पाठ करावी लागत नाहीत. दोन समांतर धातूच्या पाट्यांमध्ये उभं विद्युतक्षेत्र कुठल्याही फ्रीक्वेन्सीला चालतं, त्याला कटऑफ नाही. तुमचा फ्लोअर आणि झाकण म्हणजे तेच. आता वरची पाटी धातूची नसून आदर्श चुंबकीय वाहकाची आहे असं समजा. धातूवर विद्युतक्षेत्र पृष्ठभागाला काटकोनात उभं राहतं. चुंबकीय वाहकावर उभं क्षेत्र शून्य व्हावं लागतं. म्हणजे तरंगाला खालच्या पाटीवर पूर्ण आणि वरच्या पाटीवर शून्य व्हायचं आहे, आणि त्यासाठी पाव तरंगलांबीची उंची हवी. दोन पाट्यांमधलं अंतर तेवढं नसेल तर कुठल्याच दिशेला तरंग चालू शकत नाही. गल्ली नाही, भिंत नाही, संपर्क नाही, तरी वाट बंद.

निसर्गात असा चुंबकीय वाहक मिळत नाही, तो तयार करावा लागतो. पाव तरंगलांबी उंचीच्या धातूच्या पिना दाट लावल्या की त्यांच्या बुडाशी असलेला शॉर्ट टोकाशी ओपन होऊन दिसतो, आणि टोकांचं प्रतल ठरावीक बँडपुरतं चुंबकीय वाहकासारखं वागतं. ही कल्पना गॅप वेव्हगाइड म्हणून २००९ मध्ये पुढे आली ती स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातले प्राध्यापक पेर-सिमोन किल्डाल आणि त्यांच्या स्पॅनिश सहकाऱ्यांकडून. मूळ उद्देश वेव्हगाइडचा होता: पिनांच्या मधून एक रिज किंवा खाच सोडली की तरंग फक्त तिच्यावरून जातो, आणि वरची-खालची पाटी एकमेकांना टेकवावी लागत नाही. पण २०१० मध्येच एवा राखो-इग्लेसियास, अशरफ उझ झमान आणि किल्डाल यांनी पिनांचं झाकण मायक्रोस्ट्रिपच्या बॉक्सवर ठेवून पोकळीचे मोड दाबून दाखवले. किल्डाल २०१६ मध्ये गेले. पॅकेजिंगचं रोजचं डोकेदुखीचं काम मी करतो, आणि माझ्या मते त्यांच्या कल्पनेचा सर्वांत हाताशी येणारा उपयोग हाच आहे.

तुमच्या मॉड्यूलसाठी मापं. २८ गिगाहर्ट्झला तरंगलांबी १०.७ मिमी, पाव म्हणजे २.७ मिमी: ही पिनांची उंची. टोकापासून फ्लोअरच्या ग्राउंडपर्यंत १ मिमी अंतर ठेवा. बँडची वरची कड ढोबळमानाने तिथे येते जिथे पिनेची उंची आणि हे अंतर मिळून अर्धी तरंगलांबी होते. इथे ३.७ मिमी म्हणजे ४० गिगाहर्ट्झच्या आसपास. खालची कड अंतरावर आणि पिनेच्या जाडीवर अवलंबून असते. अंतर कमी केलं की ती पाव तरंगलांबीच्या फ्रीक्वेन्सीपेक्षा बरीच खाली उतरते. म्हणून हे सगळे आरंभाचे आकडे धरा आणि एका पिनेचा युनिट सेल (पुन्हापुन्हा येणारा एक तुकडा) घेऊन आयगनमोड (त्यात कुठले तरंग चालू शकतात ते) काढा, दोन्ही दिशांना पिरिऑडिक सीमा लावून. त्यात सब्स्ट्रेट घालायला विसरू नका, तो त्या एक मिमीतला काही भाग व्यापतो आणि कडा सरकवतो. तुमचं २८ चं काम आणि ३१ चं ऑसिलेशन दोन्ही धरून २६ ते ३३ गिगाहर्ट्झ बँडच्या मधोमध, दोन्हीकडे मार्जिन ठेवून बसले पाहिजेत.

जाडी आणि पिच मी आधी कटरवरून ठरवतो, मग सिम्युलेशनवर. भोसरीतल्या जॉबवर्कवाल्याकडे १ मिमीचा एंड मिल असतो आणि २.७ मिमी खोली ॲल्युमिनियममध्ये त्याला जड जात नाही. पिन १ मिमी चौकोनी, मधली खाच १.२ मिमी, म्हणजे पिच २.२ मिमी. तुमच्या झाकणावर साधारण अठरा बाय अकरा, दोनशेच्या आत पिना येतील. उंचीत पाच शतांश मिमीचा फरक पडला तरी काही बिघडत नाही, एवढ्या रुंद बँडमध्ये तो सामावून जातो. म्हणजे ड्रॉइंगवर उगाच कडक टॉलरन्स लिहून किंमत वाढवू नका. त्याऐवजी बरबद्दल (कापताना कडेला राहणाऱ्या धातूच्या कुसांबद्दल) लिहा. पिनांच्या टोकांना आडव्या कटमध्ये बारीक बर राहते, साध्या डोळ्याला दिसत नाही. अशी एक बर सुटून वायर बाँडवर पडली तर चॅनेल मेला. झाकण आल्यावर प्रत्येक ओळ मायक्रोस्कोपखाली पाहा, अल्ट्रासॉनिकमध्ये धुऊन घ्या, मगच प्लेटिंगला द्या.

तुमचा बॉक्स आतून ४ मिमी उंच आहे, आणि पिन अधिक अंतर ३.७ होतं. म्हणजे बॉक्स बदलायचं कारण नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला ०.३ मिमीचा उठाव ठेवा आणि त्याच्यावरून पिना सुरू करा.

सब्स्ट्रेट ०.२५४ मिमीचा असेल तर त्याच्या माथ्यापासून पिनेच्या टोकापर्यंत ०.७५ मिमी उरतात. ०४०२ आकाराचा सिरॅमिक कपॅसिटर अर्ध्या मिमीचा, तो खाली राहतो. ०६०३ बहुधा अडकेल. टँटलम तर नक्कीच. अशा जागी पिना काढाव्या लागतात, आणि इथे बरेच जण फसतात. एखादी पिन काढली तर फार फरक पडत नाही. पण तीन बाय तीनचा चौक काढला तर चार खाचा आणि तीन पिना मिळून ७.८ मिमीची चौकोनी मोकळी जागा होते. वरचंच सूत्र लावा: २७.२ गिगाहर्ट्झ. चारी बाजूंनी पिनांनी वेढलेला, उत्तम क्यू असलेला (म्हणजे ऊर्जा धरून ठेवणारा) रेझोनेटर तुम्ही स्वतःच्या बँडमध्ये बांधलात! उंच घटक आरएफच्या भागात ठेवूच नका. ते फीडथ्रूच्या (भिंतीतून तार नेणाऱ्या जोडणीच्या) पलीकडे, बायसच्या वेगळ्या कप्प्यात न्या.

दोन चॅनेलच्या मधला भाग जरा नीट बघा. तिथे पिनांच्या तीन ओळी असतील तर वेगळी भिंत लागत नाही, आणि हाच या पद्धतीचा मोठा फायदा, कारण टेकण्याचा प्रश्नच उरत नाही. पण बऱ्याच लेआउटमध्ये चॅनेलच्या मध्ये सब्स्ट्रेटच्या माथ्यावर ग्राउंडचा पट्टा ओतलेला असतो. तसं असेल तर पिना त्या पट्ट्याकडे बघतात, आणि पट्टा व खालचं ग्राउंड यांच्यामध्ये, सब्स्ट्रेटच्या आत, एक नवी समांतर पाट्यांची जोडी तयार होते. तिच्यात पिना नाहीत. तिथून तरंग सुखाने पलीकडे जातो. पट्टा काढून टाका, नाहीतर त्यात वाया (पट्टा खालच्या ग्राउंडला जोडणारी धातूची छिद्रं) दाट मारा. सब्स्ट्रेटचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट ३.५ च्या आसपास असेल तर आतली तरंगलांबी ५.७ मिमी होते. वायांमधलं अंतर ०.६ मिमीच्या आत ठेवा.

तुमचे दीड डेसिबल परत मिळतील का? बहुतेक परत मिळतील. ॲब्सॉर्बर फक्त मोडची ऊर्जा खात नाही, आउटपुट लाइनच्या वरचं उपयोगी क्षेत्रही खातो, आणि एक मिमीचा शीट लाइनपासून फार दूर नसतो. पिना क्षेत्र शोषत नाहीत, फक्त त्याला जागा देत नाहीत. त्यामुळे बेंड आणि ओपन स्टबमधून वर निघून जाणारी थोडी ऊर्जाही लाइनमध्येच राहते. पिनांमुळे लाइनच्या इम्पिडन्समध्ये थोडा फरक पडू शकतो, पण टोक सब्स्ट्रेटच्या जाडीच्या दोन-तीन पट वर असेल तर तो नगण्य असतो. सिम्युलेशनमध्ये सुरुवातीला दोनशे पिना काढत बसू नका. त्या उंचीवर आदर्श चुंबकीय वाहकाची सीमा ठेवा, सर्किट जुळवून घ्या, आणि अगदी शेवटी खऱ्या पिनांसह एकदा पडताळा. वेळेची प्रचंड बचत होते.

एका बाबतीत मात्र सावध राहा. बँडच्या खाली पिना काहीच थांबवत नाहीत. उलट तिथे त्या झाकणाला भारित करतात, आणि ७.३ गिगाहर्ट्झचा तुमचा पहिला मोड आणखी खाली सरकतो. तुमच्या ड्रायव्हर एमएमआयसीला ५ ते ७ गिगाहर्ट्झमध्ये गेन आहे का, हे डेटाशीटच्या रुंद स्वीपमध्ये बघा. असेल तर इनपुटच्या जुळणीत कमी फ्रीक्वेन्सी मारणारा एखादा छोटा हायपास भाग घाला, किंवा बॉक्सच्या दोन टोकांच्या भिंतींवर, लाइनपासून लांब, ॲब्सॉर्बरची पट्टी ठेवा. पिना आणि ॲब्सॉर्बर एकत्र नांदू शकतात.

पिना कुठे नकोत, तेही सांगून ठेवतो. २ ते १८ गिगाहर्ट्झसारखं रुंद बँडचं मॉड्यूल असेल तर एका पिनेच्या उंचीत एवढा पल्ला बसत नाही. १० गिगाहर्ट्झलाच पिन साडेसात मिमी होते, त्याखाली तर झाकणच मॉड्यूलपेक्षा उंच व्हायला लागतं. तिथे पीसीबीवरच्या मशरूम रचना (टोपी असलेल्या छोट्या खांबांच्या) वापरतात, पण त्यांचा बँड अरुंद. दहा-बारा डेसिबल गेनचा एकच ॲम्प्लिफायर असेल तर ॲब्सॉर्बरचा तुकडा लावा आणि पुढच्या कामाला लागा. उलट मॉड्यूल अवकाशात जाणार असेल तर गणित बदलतं. ॲब्सॉर्बर आणि त्याचा गोंद निर्वातात काय सोडतात, याची परीक्षा द्यावी लागते: एकूण वस्तुमानातली घट १ टक्क्याच्या आत आणि घनीभूत होणारा भाग ०.१ टक्क्याच्या आत, हा तिथला रूढ निकष. नुसत्या ॲल्युमिनियमच्या पिनांना तो प्रश्नच नाही. ७७ गिगाहर्ट्झला पिन एक मिमीहून कमी उंच आणि खाचा तितक्याच बारीक होतात, तेव्हा एकेक नग मिल करणं महाग पडतं. संख्या मोठी असेल तर डायकास्टिंग किंवा प्लास्टिक मोल्ड करून त्यावर धातूचा थर, हे मार्ग आहेत.

तर तुमच्यासाठी क्रम असा: पाच मिमीच्या तुकड्याची चाचणी, मग डमी बॉक्सचा आलेख, मग युनिट सेलचा आयगनमोड, आणि त्यानंतरच झाकणाचं ड्रॉइंग. पहिल्या दोन चाचण्यांत गळती हवेतूनच आहे असं दिसलं तर दोन झाकणं करून घ्या, एक टोकापासून फ्लोअरपर्यंत १ मिमी अंतराचं आणि एक ०.८ चं, कारण दुसऱ्याचा जादा खर्च नगण्य असतो आणि खालची कड किती हलते हे तुमच्याच बॉक्सवर मोजता येतं. ०.८ चं झाकण बसवण्याआधी ०४०२ कपॅसिटरवरच्या सोल्डरची उंची मात्र मोजून घ्या. डमी बॉक्सचा आलेख आणि चॅनेलच्या मधल्या ग्राउंडच्या पट्ट्याचा लेआउट इथे टाकलात तर वाया कुठे कमी पडताहेत ते बघून सांगेन.